चाकणच्या वह्या, मंगळुरी पोथ्या आणि मराठी ख्रिस्ती मंडळी

(१) विषयप्रवेश

महाराष्ट्रांतील धर्मपंथांचा इतिहास लिहितांना आपल्याकडे दोन प्रकारचीं साधनें वापरण्याचा प्रघात आहे. एक प्रकार मठ, संस्थानें, सनदा व इनामपत्रें यांचा. दुसरा पोथ्या, वह्या व बाडें यांचा. पहिल्यावरून पंथाचे पुढारी कोण होते व त्यांस कोणाचा आश्रय होता हें कळतें. दुसऱ्यावरून सामान्य भाविक नित्य काय म्हणत होता व काय ऐकत होता हें कळतें. वारकरी, महानुभाव, समर्थ इत्यादि संप्रदायांच्या बाबतींत दोन्ही प्रकारच्या साधनांचा शोध आपल्या संशोधकांनीं नेटानें केला आहे. मराठी ख्रिस्ती मंडळीच्या बाबतींत मात्र बहुधा पहिल्या प्रकारावरच समाधान मानण्यांत आलें. मिशनांचे वृत्तांत, बिशपांच्या नेमणुका व पाद्र्यांचीं चरित्रें यांवरून हा इतिहास रचला गेला, आणि त्यांतील पुष्कळ भाग परभाषेंत व परक्या वाचकांसाठीं लिहिला गेला.

प्रस्तुत लेखांत आमचें प्रतिपाद्य एवढेंच आहे कीं, मराठी ख्रिस्ती धर्मजीवनाचें खरें दप्तर पुढाऱ्यांच्या कचेरींत नसून कुटुंबांच्या फडताळांत आहे, आणि ही गोष्ट वारकऱ्यांच्या इतिहासाशीं इतकी जुळते कीं एकाच्या प्रकाशांत दुसऱ्याकडे पाहिल्यावांचून दोहोंचेंही पुरतें आकलन होत नाहीं. ह्या विचारास पिंपरी, चिंचवड व चाकण हा प्रदेश विशेष अनुकूल आहे. कारखान्यांची वसाहत म्हणून आज तो सर्वांस ठाऊक आहे. परंतु हस्तलिखितांच्या इतिहासांत त्याचें स्थान त्याहून पुष्कळ जुनें आहे.

(२) इंद्रायणीकांठच्या वह्या

ह्या प्रदेशाच्या एका अंगानें पवना वाहते व दुसऱ्या अंगानें इंद्रायणी. पवनेच्या कांठीं चिंचवडास मोरया गोसावी यांची समाधि आहे. इंद्रायणीच्या कांठीं देहू व आळंदी हीं क्षेत्रें आहेत. उत्तरेस चाकणचा भुईकोट किल्ला असून १६६० सालीं शाइस्तेखानाच्या वेढ्यांत फिरंगोजी नरसाळ्यानें तो झुंजविला. ह्याच चाकणचे संताजी जगनाडे हे जातीनें तेली. तुकोबांचे टाळकरी व लेखक म्हणून त्यांची प्रसिद्धि आहे. त्यांची समाधि जवळच सुदुंबरें येथें आहे. दुसरे लेखक गंगाजी मावळ, हे कडूसचे. कडूसही ह्याच बाजूस, चाकणच्या पलीकडे आहे.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्याची कथा महीपतीनें सांगितली आहे. वाघोलीच्या रामेश्वर भटांच्या सांगण्यावरून वह्या नदींत गेल्या आणि तेरा दिवसांनीं कोरड्या वर आल्या, अशी ती परंपरा आहे. चमत्काराचा विचार भाविकांनीं करावा. ग्रंथशोधकानें इतकेंच लक्षांत घ्यावें कीं, धर्मशास्त्राच्या अधिकाऱ्यानें ज्या शब्दांस अनधिकारी ठरविलें ते शब्द लोकांच्या मुखीं व घरगुती वह्यांत टिकून राहिले. मुंबई सरकारचे विद्याखात्याचे प्रमुख सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या पुरस्कारानें सरकारनें २४,००० रुपये मंजूर केले, आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनीं १८६९ ते १८७३ या कालांत इंदुप्रकाश छापखान्यांत गाथा छापविली. त्या वेळीं त्यांनीं ज्या प्रतींचा आधार घेतला त्या देहू, तळेगांव, कडूस व पंढरपूर येथील होत. म्हणजे चारांपैकीं तीन प्रती ह्याच टापूंतल्या. पुढें विनायक लक्ष्मण भावे यांनीं संताजींच्या नांवानें चालत आलेल्या वह्यांवरून १९१९ व १९२० सालीं ‘अस्सल गाथा’ दोन भागांत प्रसिद्ध केली. ह्यांपैकीं एकही प्रत राजाच्या पुस्तकालयांतून आलेली नाहीं. वाणी, तेली, कासार अशा संसारी माणसांनीं लिहिलेला व वंशपरंपरेनें जपलेला हा ठेवा होय.

(३) परक्यांची पहिली दृष्टि

ह्या भागांत यूरोपीय प्रथम आले ते धर्मोपदेश करण्यास नव्हे. कुतूहलानें व सैन्याबरोबर आले. कॅप्टन एडवर्ड मूर यांनीं चिंचवडच्या देवांस भेटून जो वृत्तांत लिहिला तो ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सातव्या खंडांत छापला गेला. वंशपरंपरेनें माणसाच्या ठायीं नांदणारें दैवत, हा त्यांच्या कौतुकाचा विषय होता. १८०९ सालीं मारिया ग्रॅहम ह्या बाईनेंही चिंचवड पाहिलें व आपल्या १८१२ सालच्या प्रवासवृत्तांत त्याचें वर्णन केलें. दोघांच्याही लेखनांत वाड्याचें, देवांच्या दर्शनाचें व लवाजम्याचें वर्णन आहे. परंतु मंगलमूर्तीपुढें रोज आरती म्हणणारा शेतकरी त्यांत जवळजवळ नाहीं. पुढारी दिसला, भाविक दिसला नाहीं. आणि हाच दोष पुढें मिशनांच्या इतिहासांतही उतरला.

पवना जेथें मुळेस मिळते त्या दापोडीस पेशव्यांच्या कवायती पलटणीचे अधिकारी कॅप्टन फोर्ड यांचें ठाणें होतें. १८१७ सालच्या खडकीच्या लढाईनंतर पुणें व खडकी येथें इंग्रजी छावणी झाली आणि तिच्यासाठीं देवळें उभीं राहिलीं. पुण्याच्या छावणींतील सेंट मेरीचें देऊळ १८२५ सालीं बिशप हेबर यांनीं समर्पित केलें. छावणीच्या देवळांत उपासना इंग्रजींत, सरकारी पगारी धर्माधिकाऱ्याच्या हातून व गोऱ्या शिपायांसाठीं होत असे. मराठी मंडळीचा उगम ह्या देवळांत शोधणें व्यर्थ आहे. तो शोधण्यास काल व स्थल दोन्ही सोडून घटकाभर गोमंतकांत जावें लागतें.

(४) ख्रिस्तपुराणाच्या पोथ्या

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेज्वित १५७९ सालीं गोव्यास उतरला व १६१९ सालीं तेथेंच वारला. त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं प्रथम छापलें गेलें. पहिल्या पुराणांत ३६ अवस्वर, दुसऱ्यांत ५९, व ओंव्यांची एकूण संख्या सुमारें ११,००० आहे. ज्ञानेश्वर-एकनाथांनीं मार्ग घालून दिलेली ओंवी, पुराणिकाची निरूपणपद्धति आणि वैकुंठासारखे भाविकांच्या परिचयाचे शब्द यांचा त्यानें निःसंकोच स्वीकार केला. त्याच्यामागून एतिएन द ला क्रुवा या फ्रेंच जेज्वितानें संत पीटरावर मराठी पुराण रचलें. तें १६२९ व १६३४ या सालांत छापून निघालें. धर्मप्रसार हा ह्या ग्रंथांचा हेतु होता, ह्याविषयीं कोणास शंका नाहीं; आणि ज्या गोव्यांत १५६० पासून धर्मसमीक्षणाचें न्यायासन चालू होतें त्याच गोव्यांत हे ग्रंथ झाले, हेंही विसरतां येत नाहीं.

परंतु ग्रंथाचा पुढील इतिहास पुढाऱ्यांच्या हेतूस जुमानीत नाहीं. १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें देशी भाषेचा वापर बंद करून तीन वर्षांच्या आंत सर्वांनीं पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. ख्रिस्तपुराणाची १६१६, १६४९ व १६५४ अशीं तीन मुद्रणें झालीं. त्यांपैकीं एकाचीही प्रत आज उपलब्ध नाहीं. तरी ग्रंथ नष्ट झाला नाहीं. गोव्यांतून कानडा जिल्ह्यांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं त्याच्या हस्तलिखित नकला केल्या व घरोघर वाचल्या. १९०७ सालीं जोसेफ साल्ढाणा यांनीं मंगळुरास रोमन लिपींत जी आवृत्ति छापली ती अशाच पोथ्यांवरून. छापखाना हरला आणि हातानें लिहिलेली पोथी जिंकली, असें उदाहरण ग्रंथेतिहासांत विरळा आढळेल.

१९२३ सालीं जस्टिन अॅबट यांनीं एक निराळीच पोथी उजेडांत आणली. विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहांतून लंडनच्या प्राच्यविद्येच्या शाळेंत गेलेल्या पोथ्यांत ख्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत होती. अॅबट यांनीं तीच मूळ संहिता मानिली. तिचे शब्द अधिक संस्कृतनिष्ठ आहेत, तर मंगळुरी पोथ्यांत ख्रिस्ती परिभाषेचे पोर्तुगीज शब्द ठिकठिकाणीं आढळतात. मूळ कोणतें व संस्करण कोणतें, हा वाद विद्वानांत अद्याप निकालांत निघालेला नाहीं. मुद्रित ग्रंथ रोमन लिपींत होता एवढ्यावरून रोमन प्रत आद्य ठरत नाहीं. तसेंच शब्द शुद्ध आहेत एवढ्यावरून देवनागरी प्रत आद्य ठरत नाहीं, कारण शुद्धीकरण मागाहूनही होऊं शकतें. पाठचिकित्सेचा हा सामान्य नियम तुकोबांच्या गाथेस जितका लागू तितकाच येथेंही लागू आहे. शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं पुण्यांत देवनागरी आवृत्ति काढल्यापासून हा ग्रंथ मराठी वाचकांच्या आवांक्यांत आला, ही समाधानाची गोष्ट होय.

(५) शब्दांची साक्ष

पुढारीपणा कोणाकडून आला व भक्ति कोठून आली, याचा निवाडा शब्दच करितात. पाद्री, इगर्जी, क्रूस, नाताळ हे शब्द पोर्तुगीज. बिशप हा इंग्रजींतून आलेला, मूळचा ग्रीक. हे बहुतेक अधिकाराचे व बाह्य उपचाराचे शब्द आहेत. एकोणिसाव्या शतकांत प्रॉटेस्टंट मिशनांबरोबर रूढ झालेला वर्ग पहा: मंडळी, पाळक, उपासना, शुभवर्तमान, प्रभुभोजन. ‘शुभवर्तमान’ हा मूळ ग्रीक शब्दाचा अवयवशः अनुवाद असून व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. ‘मंडळी’ हा त्याहून मार्मिक होय. कारण त्यानें इमारत सुचविली जात नाहीं, अधिकारीही सुचविला जात नाहीं. जमलेलीं माणसें सुचविलीं जातात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही नेमका तोच आहे. भजनी मंडळी, कीर्तनास जमलेली मंडळी आणि ख्रिस्ती मंडळी, हे तिन्ही प्रयोग एकाच शब्दाचे आहेत व तिन्हींत माणसें टाळ धरून बसलेलीं आढळतात.

(६) मिशनरी आणि संतवाणी

अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ सालीं मुंबईस आले; १८३१ पासून अहमदनगर हें त्या मिशनचें मोठें ठाणें झालें; १८४२ सालीं तेथेंच ‘ज्ञानोदय’ पत्र निघालें. स्कॉटिश मिशनरी कोंकणांतून पुण्यास आले. आरंभीच्या पिढीचा भर खंडनावर होता. मूर्तिपूजा, पुराणें व जातिभेद यांवर टीका करणारीं चोपडीं बाजारांत वांटीत, आणि त्यांस शास्त्रीमंडळी व वृत्तपत्रें उत्तर देत. ह्या वादांत दोन्ही पक्षांकडून कटु शब्द पुष्कळ झडले. त्यांची उजळणी येथें करण्याचें प्रयोजन नाहीं.

लक्ष देण्यासारखी गोष्ट ही कीं, ज्यांनीं मराठी चांगली अभ्यासिली ते मिशनरी खंडनाकडून वाचनाकडे वळले. जॉन मरे मिचेल यांनीं तुकोबांविषयीं इंग्रजींत लिहिलें. पुण्याचे निकोल मॅक्निकल यांनीं १९१९ सालीं मराठी संतांच्या निवडक पदांचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. नेल्सन फ्रेझर हे सरकारी विद्याखात्यांतले, परंतु त्यांनीं मराठे यांच्या साहाय्यानें केलेलें तुकारामाच्या अभंगांचें त्रिखंड भाषांतर १९०९ ते १९१५ या कालांत छापलें तें ख्रिस्ती वाङ्मयाच्या संस्थेनें. वर उल्लेखिलेले अॅबट हे तर अमेरिकन मिशनऱ्याचेच पुत्र. निवृत्त झाल्यावर त्यांनीं आपलें उरलेलें आयुष्य महीपतीच्या संतचरित्रांच्या भाषांतरास वाहिलें. भानुदास, एकनाथ, दासोपंत, बहिणाबाई, तुकाराम, रामदास अशीं पुस्तकें १९२६ पासून एकामागून एक निघालीं. १९३२ सालीं ते वारले तेव्हां मालेंतील कांहीं पुस्तकें छापावयाचींच होतीं. देहूस येऊन तुकोबांचें शिष्यत्व पत्करणाऱ्या बहिणाबाईचें आत्मनिवेदन इंग्रजी वाचकांस मिळालें तें १९२९ सालीं अॅबट यांच्यामुळें. स्टीफन्सची देवनागरी पोथी ओळखणारा व महीपतीचें भाषांतर करणारा मनुष्य एकच असावा, हा योगायोग नव्हे. ओंवीची ओळख दोहोंच्या मुळाशीं आहे.

(७) टिळक आणि देवाचा दरबार

परंतु भाषांतर म्हणजे उपासना नव्हे. संतवाणीस ख्रिस्ती उपासनेंत आणण्याचें काम देशी पुढाऱ्यांनीं केलें. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. पूर्वरंग, उत्तररंग, मध्यें पदें व अभंग, हा सर्व साज तोच ठेवून आख्यान मात्र शुभवर्तमानांतलें घ्यावयाचें, अशी ही पद्धति. नगर जिल्ह्यांत मंडळींत आलेले पुष्कळ लोक महार व मांग समाजांतले होते. त्यांच्या वस्त्यांत चोखोबांचे अभंग पिढ्यान् पिढ्या म्हटले जात होते. म्हणून नव्या धर्माची वाणी त्यांच्या कानांस परकी वाटली नाहीं.

ह्या प्रवाहास पूर आला तो नारायण वामन टिळकांच्या योगानें. जन्म १८६१; संस्कृताचा व्यासंग; १८९३ सालीं आगगाडींत एका यूरोपियन गृहस्थाकडून नवा करार हातीं आला; १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा. बाप्तिस्मा देशी पाळकाच्या हातूनच घेण्याचा त्यांचा आग्रह होता आणि तो देणाऱ्या पाळकांचें नांव होतें तुकाराम नाथोजी. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशीं आलों, अशा आशयाचे उद्गार टिळक काढीत असत. ह्या उद्गारावर दोन्ही बाजूंनीं आक्षेप आले आहेत. कित्येक हिंदु म्हणतात कीं, देहूच्या विठ्ठलभक्तास पूल करणें म्हणजे त्यास गौणत्व देणें होय. आणि कित्येक ख्रिस्ती म्हणतात कीं, पुलाची गरजच काय? पहिल्या आक्षेपांत तथ्यांश आहे, हें मान्य केलें पाहिजे. वारकऱ्याच्या दृष्टीनें तुकोबा हे वाट नसून मुक्कामच आहेत. परंतु टिळकांचें वाक्य सिद्धांत म्हणून न वाचतां आत्मवृत्त म्हणून वाचल्यास तें निखालस खरें आहे. त्यांच्या अभंगांची घडण, आर्तता व देवाशीं भांडण्याची रीत देहूकडचीच आहे.

हें सारें मिशनच्या धोरणाचा भाग होतें, लोकांस ओढण्याचें साधन होतें, असाही एक पक्ष आहे. ह्या पक्षास टिळकांच्या अखेरच्या वर्षांचें उत्तर पुरेसें आहे. १९०४ सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली होती. ‘ज्ञानोदया’चें मराठी संपादन त्यांच्याकडे होतें. तरी १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांचाही हा बंधुसंघ असावा, आणि त्यांत परदेशी पैसा व परदेशी अधिकार नसावा, अशी त्यांची कल्पना होती. ज्यास मिशनचें साधन म्हणावें तोच मिशनच्या बाहेर पडला. मिशनऱ्यांशीं त्यांचें वैर नव्हतें. त्यांचें म्हणणें इतकेंच होतें कीं, महाराष्ट्रांतील मंडळीचा कारभार मराठी माणसाच्या हातीं व मराठी रीतीनें चालला पाहिजे. ९ मे १९१९ रोजीं टिळक मुंबईस वारले व दरबार फार काळ टिकला नाहीं. जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूनें १९२३ सालीं त्यांचें इंग्रजी चरित्र लिहिलें. त्याचा ख्रिस्त सेवा संघ नगर जिल्ह्यांतून पुण्यास आला आणि १९२७ सालीं व्हेरिअर एल्विन ह्याच संघांत दाखल झाले. तथापि टिळकांचा खरा उत्तराधिकार कोणत्याही संघाकडे गेला नाहीं. तो गेला गाणाऱ्या मंडळीकडे. संस्था लोपली, पदें राहिलीं. चाकणच्या वह्या व मंगळुरी पोथ्या यांच्या पंक्तीस हें तिसरें उदाहरण बसतें.

(८) स्त्रियांचा वांटा

घरगुती धर्माचा विचार करतांना स्त्रियांस वगळून चालत नाहीं. पतीच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाई टिळक कांहीं वर्षें दूर राहिल्या आणि १९०० सालीं त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. सोंवळें हळूहळू कसें सुटलें, दुसऱ्याच्या हातचें पाणी प्रथम कसें प्यालें गेलें, ह्या गोष्टी त्यांच्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत आहेत. बिशपांच्या कोणत्याही दप्तरांत त्या सांपडावयाच्या नाहींत. टिळकांनीं १९०९ सालीं आरंभिलेलें व अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ पुढें नेण्याचें कामही ह्या बाईनेंच केलें. शाळेंत न गेलेल्या स्त्रीनें ओंवीबद्ध महाकाव्य हातीं घ्यावें, यावरून ओंवी ही विद्वानांची मिरास नसून घरांतली वस्तु आहे हें सिद्ध होतें.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण निराळ्या प्रकारचें आहे. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतल्यावर, आपला विवेक धर्माधिकाऱ्यांच्या स्वाधीन करण्यास त्यांनीं नकार दिला व त्यावरून तेथील धर्मभगिनींशीं त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. पुणें जिल्ह्यांतील केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक मूळांवरून बायबलचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. १९२२ सालीं मृत्यूपूर्वीं तें काम पुरें झालें होतें. खिळे जुळविण्याचें व छापण्याचें काम सदनांतील स्त्रियांनींच केलें. मराठी मुद्रणाच्या इतिहासांत ह्या अक्षरजुळणाऱ्या स्त्रियांस मानाचें स्थान मिळावयास हवें होतें. अजून तें मिळालेलें नाहीं.

(९) कारखान्यांच्या छायेंतील मंडळी

आतां पुनः आपल्या मूळ प्रदेशाकडे येऊं. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला. पुढें चिंचवड, भोसरी व अखेर चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. १९७० सालीं नगरपालिका व १९८२ सालीं महानगरपालिका झाली. कामधंद्यासाठीं नगर, मराठवाडा, वसई, गोमंतक, केरळ, तामिळनाडु अशा नाना भागांतून लोक आले व आपापली उपासना घेऊन आले. एकाच शहरांत मराठी, मलयाळम, तामिळ, कोंकणी व इंग्रजी अशा भाषांत प्रार्थना होऊं लागल्या.

पुढारीपणाच्याही दिशा बदलल्या. पुण्याचा कॅथॉलिक धर्मप्रांत १८८६ सालचा. आरंभीं त्याचे बिशप परदेशी जेज्वित होते, १९४९ पासून भारतीय झाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन मागें पडून मिस्सा मराठींत होऊं लागली. १९७० सालीं नागपुरास अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची एक मंडळी बनली. केरळच्या मलंकार परंपरेचा स्वतंत्र धर्मप्रांत खडकीस २०१९ सालीं पूर्णत्वास आला. २०२० सालीं उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदीं वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो विराजमान झाले. टिळकांनीं १९१७ सालीं जें मागितलें त्यापैकीं पुष्कळसें, म्हणजे कारभार देशी हातीं असणें, आज साध्य झालेलें आहे.

परंतु देशी हातीं कारभार आला म्हणून देशी दप्तर राखलें गेलें, असें मात्र म्हणतां येत नाहीं. १८७२ च्या ख्रिस्ती विवाहाच्या कायद्यामुळें विवाहाची नोंद ठेवणें बंधनकारक आहे; बाप्तिस्म्याच्या व दफनाच्या वह्या, मंडळीच्या पंचांच्या सभांचीं टिपणें, कीर्तनकारांचीं बाडें व घरगुती पदसंग्रह यांस असें कोणतेंच संरक्षण नाहीं. खेड्यांतून शहरांत आलेलें कुटुंब दोन खोल्यांच्या घरांत संसार थाटतें; आजोबांची कीर्तनाची वही प्रथम माळ्यावर जाते आणि मग रद्दींत जाते.

(१०) संग्राहकांस विनंति

ह्या वह्यांचें मोल केवळ ख्रिस्ती लोकांपुरतें आहे, असें कोणी समजूं नये. वतनी कागदांत महार-मांगांचा उल्लेख बहुधा हक्क, तक्षीम व वेठ यांच्या निमित्तानें येतो. बाप्तिस्म्याच्या वहींत तोच मनुष्य आपल्या नांवानें, आईबापांच्या नांवांसह, गांव व धंदा यांसह उभा राहतो. त्याची बायको व मुलें त्याच्या शेजारीं उभीं असतात. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासास असें साधन दुसरीकडे सहसा मिळत नाहीं. कीर्तनाच्या बाडांवरून मराठी वृत्तें, चाली व बोलीभाषा यांचा इतिहास कळतो. पदांच्या वह्यांवरून टिळकांचीं पदें मुखोद्गत होतां होतां कशीं पालटलीं हें कळेल. आणि मौखिक परंपरेंत अभंगाचा पाठ कसा बदलतो, हा तुकोबांच्या गाथेच्या संपादनांतील जो मोठा प्रश्न, त्यावर त्यामुळें प्रत्यक्ष प्रकाश पडेल. तुकोबांचा लेखक हयात नाहीं. परंतु टिळकांचीं पदें ऐकून उतरून घेणाऱ्यांच्या नातवंडांस आजही विचारतां येईल.

म्हणून आमची सूचना अशी आहे. प्रथम ह्या टापूंतील जुन्या मराठी मंडळ्यांची यादी करावी. पाळकांच्या व पंचांच्या संमतीनें नोंदवह्यांच्या छायाप्रती घ्याव्या. मूळ वही जेथली तेथेंच ठेवावी, कारण ज्या घरानें ती जपली त्या घरापासून ती तोडणें अन्यायाचें होईल. हयात माणसांचीं नांवें छापूं नयेत. बाडाच्या प्रत्येक प्रतीबरोबर लेखकाचें नांव, गांव, मिति, कागद, शाई व पानांची संख्या टिपावी, आणि पदाची चाल ठाऊक असणारा वृद्ध मनुष्य मिळाल्यास ती गाऊन घेऊन ध्वनिमुद्रित करावी. रोमन लिपींतील मराठी व कोंकणी चोपड्या परक्या समजून टाकूं नयेत. ख्रिस्तपुराण तसल्याच पोथ्यांतून वर आलें.

गाथेच्या संपादकांनीं देहू, तळेगांव व कडूस येथील दारें ठोठावलीं नसतीं, तर आज तुकोबांचा पाठ आपल्या हातीं कितपत असता, याचा ज्यानें त्यानें विचार करावा. त्याच वाटेवर आज आणखी कांहीं दारें आहेत. त्यांतलीं पुष्कळ चाळींत व कामगारवसाहतींत आहेत, आणि त्यांच्यामागील वह्या अद्याप कोणी मागितलेल्या नाहींत. मागण्याचें काम आपल्या मंडळाच्या सभासदांनीं करावें, इतकीच प्रार्थना. इत्यलम्.